शनिवारी आलेलं तेल

२४ नोव्हेंबर, सोमवार

पार्सल आलं. तेलाचा फिल्टर १, रु. ५८०. तांब्याचे वायसर २, रु. ९०. रबरी रिंग १, रु. १४०. पाठवणावळ रु. ११०. एकूण ९२०. पाच लिटर तेल मागाहून, रु. २,३५०, शुक्रवारच्या आत देतो, दुकानवाले म्हणाले. गाडी बाईसाहेबांची, म्हणून सगळं त्यांच्या वहीत लिहिलं, घरखर्चात नाही.

ह्यांनी वायसर तळहातावर घेऊन देवाचा टाक बघावा तसा बघितला. म्हटलं, एवढ्याशा कडीला पंचेचाळीस रुपये? जुना आहे की धडधाकट. म्हणाले, "जुना एकदा दाबला की मेला. परत बसवला तर टिपकतंय." मग म्हटलं तेल तरी कशाला बदलायचं, वर्षात गाडी फिरते किती? फुलेवाडीतनं रंकाळा आणि परत. "बसून बसून बी तेल म्हातारं हुतंय," म्हणाले.

साहेबांची तिथी यंदा १४ डिसेंबरला आलीय. बाईसाहेब राधानगरीहून येणार, शाल घेऊन बसणार, ह्यांनी गाडी चालवायची, रंकाळ्याला एक फेरी, मग आमच्याकडे चहा. सोळा वर्षांत चुकलेलं नाही. त्यांना आता कानानं काही ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही, सगळं पत्रानं. पण म्हणतात, ह्या गाडीचा आवाज पाठीतनं ऐकू येतो.

कडेला: वायसरची पिशवी कापूर ठेवायला घेतली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

चंपाषष्ठी. भरीत, रोडगे. तळी भरली. वांगी ६० रु. किलो, काही धरबंध नाही.

ह्यांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. अंग काळं, तोंडावर हसू. वर्षातले हे चार दिवस माणूस वेगळाच असतो. शेडाच्या पत्र्यावर खडूनं यादी लिहिलीय: गरम करणे. नट. निथळणे. वायसर. फिल्टर. तेल. सळईनं पातळी बघणे. पूर्वी कधी लिहीत नव्हते. एकतीस वर्षं साहेबांच्या कारखान्यात मिस्त्री, अख्खं इंजन डोळे मिटून जोडायचे. आता यादी.

गणपतीपासून हे विसरणं सुरू आहे. दूधवाल्याला एका महिन्याचे पैसे दोनदा दिले. मी म्हटलं, मीच सांगितलं होतं द्यायला, आगाऊ. खोटं. त्यांना लगेच कळलं. जेवण झाल्यावर म्हणाले, "मला सावरत बसू नगंस."

गाडी हिरवी, दोघांपुरती, टप उघडायचा, परदेशातली. माझ्याहून दोन वर्षांनी थोरली. साहेब गेल्यावर बा. सा. नी बंगला विकला, तेव्हा म्हणाल्या, गाडी आनंदा मिस्त्रींकडं राहील, दुसऱ्या कुणाचा हात लागायला नको. जागेचं भाडं देऊ केलं, ह्यांनी घेतलं नाही. मी तेव्हा पंधरा दिवस धुसफुसत होते. त्या शेडात दोन म्हशी मावल्या असत्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. कलश मांडला, पोथी वाचली, पाच फळं (केळी दोन, पेरू दोन, चिक्कू एक). हसीनाभाभीला प्रसाद दिला, पलीकडच्या दारात. तिचे मालक गाड्यांच्या सीटा शिवतात, ह्या गाडीची गेल्या वर्षी त्यांनीच शिवली.

कडेला: कलशावरचा नारळ पुढच्या गुरुवारीही तोच चालेल.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तेल आलं नाही. फोन केला. "उद्या सकाळी नक्की, काकू." उद्या शनिवार, हे मी ह्यांना दोनदा सांगितलं. हूं म्हणाले. ऐकलं की नाही देव जाणे.

बिद्रीहून तानाजी भाऊजींचा फोन. रविवारी दोघं नवराबायको येणार, मुक्कामाला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी इंजन दहा मिनिटं चालू ठेवलं, गरम करून खालचा नट काढला. घमेल्यात जुनं तेल. मला वाटलं होतं मधासारखं असेल, डांबर निघालं. तासभर निथळू दिलं. फिल्टर, रिंग, नवा वायसर, सगळं बसवलं. यादीवर खडूनं बरोबरच्या खुणा केल्या.

साडेअकराला तेल आलं. पोऱ्या डबा घेऊन आत येणार, मी फाटकात आडवी उभी.

"आगं, आत घिऊ दे की!"

म्हटलं, शनिवार आहे.

"हे काय खायाचं तेल हाय?"

तेल ते तेल, म्हटलं. सासूबाईंनी मी ह्या घरात आले त्या दिवशी सांगितलं होतं, शनिवारी तेल उंबऱ्याच्या आत नाही. गोडं नाही, खोबरेल नाही, दिव्याचं नाही. बेचाळीस वर्षं पाळलंय. तुमच्याच आईचं आहे, माझ्या माहेरचं नाही.

"आईच्या वक्ताला आमच्याकडं सायकल बी नव्हती. इंजन रिकामं पडलंय तिकडं!"

पडू दे एक दिवस. पळून जातंय व्हय?

हसीनाभाभी दारातनं हसत होती. "आमच्यात शनिवारला काय न्हाई वहिनी. ठिवा हितं पायरीवर. फोडणीला न्हाई घ्यायची मी." तिच्या पायरीवर डबा ठेवला. हे पाय आपटत शेडात गेले, पण ऐकलं. बेचाळीस वर्षांत माझं एवढं एक ऐकतात. मी मारुतीला जाऊन आले. तेल वाहिलं. (ते शुक्रवारचंच, घरातलं.)

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळ. डबा भाभीकडून आणून शेडात ठेवला. हे म्हणाले, आधी दाढी करून येतो, नंतर न्हाव्याकडं गर्दी होते. आलो की सावकाश तेल भरतो. भाऊजी नि सुरेखा नवाच्या एसटीनं. भरलं वांगं, पोळ्या, दही. मार्गशीर्ष आहे, भाऊजींनी मटणाचं नाव काढू नये म्हणजे झालं.

कडेला: पाव्हणे येणार, शेडातली फडकी सोड्यात भिजवून धुतली, वास फार. स्टिअरिंगला बांधलेलंही सोडून घेतलं.

संध्याकाळ. काय लिहू.

भाऊजी नऊला आले. चहा झाला. म्हणाले, "वहिनी, हिला गाडीचा आवाज ऐकवतो की जरा. किल्ली कुठाय?" माझे हात कणकेत. म्हटलं, खिळ्याला हाय बघा. एवढंच बोलले. ते येऊ देत, थांबा, असं म्हणायला तोंडाला काय झालं होतं.

चार मिनिटं असतील, पाच असतील. भाऊजी रेस देत होते, सुरेखा हसत होती, फोटो काढत होती. मग आवाज बदलला. खडखड. मग कुणी ऐरणीवर घण घालतंय असा. मग एकदम बंद. जळका वास पार देवघरापर्यंत.

हे कोपऱ्यावरून पळत आले. आवाज ऐकला होता. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला फेस, गळ्यात न्हाव्याचा टॉवेल. "बंद कर! तान्या, बंद कर!" ती आपोआप बंद पडली होती.

भाऊजींचं तोंड पांढरं. "दादा, लाल दिवा लागलाता. मला वाटलं बॅटरी उतरलीया, म्हणून आणखी रेस दिली."

ह्यांनी स्टिअरिंगकडं बघितलं. "फडकं कुठाय?"

"फडकं नव्हतंच. आईशप्पत. असतं तर मी हात लावला असता व्हय? तूच शिकवलाईस की मला."

हे पत्र्यापुढं जाऊन उभे राहिले. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. फडक्याची ओळ त्यात नव्हती. फेस तसाच गालावर वाळत होता. मग म्हणाले, "न्हाई बांधलं मी. इसरलो."

मी दारात उभी. माझ्या मागं दोरीवर चार फडकी वाळत होती. चारही लाल, उद्यमनगरातनं एकगठ्ठा आणलेली.

तेल काढलं की स्टिअरिंगला लाल फडकं बांधायचं. ज्यानं तेल भरलं त्यानंच ते सोडायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मालकानं सुद्धा. साहेबांच्या कारखान्यात तीच पद्धत होती. मला ठाऊक नव्हतं, असं आत्ता लिहायला घेतलं आणि खोडलं. ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी डबा घेऊन जायचे तेव्हा मीच विचारलं होतं, ह्या गाडीला फडकं कशाला. सकाळी सोडताना डोक्यात फक्त पाव्हणे होते आणि वास होता.

बोलले नाही. सगळ्यांसमोर तोंडच उघडलं नाही. आता रात्री बोलेन म्हटलं तर झोपले, भिंतीकडं तोंड करून.

१ डिसेंबर, सोमवार

एकादशी. उपास. साबुदाणा तसाच भांड्यात राहिला, उपासाचं पुण्य कसलं.

भाऊजी जाताना ह्यांच्या पाया पडले. "एवढा मोठा मिस्त्री तू, दादा, आन्..." म्हणाले आणि पुढचं गिळलं. हे म्हणाले, "तुझं काय न्हाई त्यात. चुकलं माझं." मी शेजारीच होते. भाऊजींच्या पिशवीत चटणीची बरणी ठेवत होते.

फाटकापाशी सुरेखानं माझा हात धरला. "अक्का, दादास्नी एकदा डॉक्टरला दाखवा. माझ्या बाबांचं असंच सुरू झालतं. आधी यादी, मग फडकं, मग घरचा पत्ता." मान हलवली. तिला मान हलवली मी.

हे दिवसभर शेडाकडं फिरकले नाहीत.

२ डिसेंबर, मंगळवार

सकाळी गाडीखाली शिरले, इंजनाच्या तळाचं चेंबर उघडलं. एक बेअरिंग काढून आणलं, मला दाखवलं. आतली चंदेरी साल सोलून निघालीय, खाली तांबं दिसतंय. क्रँकवरही, बेअरिंगात फिरणाऱ्या दांड्यावर, ओरखडे आहेत म्हणाले.

म्हटलं, होईल का दुरुस्त?

"हुईल की. क्रँक घासून घ्यायचा, बेअरिंग घडवून घ्यायचं. उद्यमनगरात काय हुत न्हाई? पण बसवणारा हात खात्रीचा पायजे. केसाएवढी चूक चालत न्हाई."

मग तुम्ही बसवा.

माझ्याकडं बघून हसले. असलं हसू मी बघितलेलं नाही. "माझा हात? मला एक फडकं बांधायचं ध्यानात ऱ्हात न्हाई."

पाने पुसून, कापडात गुंडाळून पेटीत भरले. पत्र्यावरची यादी पुसली, ओल्या हातानं.

शनीला काय म्हणू. तेल त्या दिवशी आत घेतलं असतं तर दुपारी भरून झालं असतं, फडक्याचं कामच नव्हतं. नेम पाळला म्हणून हे झालं का? असं लिहिल्यानं पाप लागत असेल तर लागू दे, पण माझ्या नावावर लागू दे.

३ डिसेंबर, बुधवार

ह्यांनी बा. सा. ना पत्र लिहिलंय. शिक्षण सातवी, अक्षर मोठं, ओळी वर चढत जाणाऱ्या. म्हणाले, "तुझ्या हातानं चांगलं लिवून दे. तू मॅट्रिक."

मजकूर असा. इंजनाचं नुकसान झालं. माझ्या भावाकडून झालं, पण दोष माझा. मी फडकं बांधायला विसरलो. माझं वय झालं, डोकं चालत नाही. गाडी आपण न्यावी, ज्याचा हात खात्रीचा त्याच्याकडं द्यावी. सोळा वर्षं ठेवलीत, उपकार.

मी कागद घेऊन बसले. "इंजनाचं" पर्यंत लिहिलं. "दोष" पर्यंत लिहिलं. "विसरलो" च्या आधी हात थांबला. शाई संपली म्हटलं. पेन टेबलावर होतं, काचेतनं शाई दिसत होती. ह्यांनी पेनाकडं बघितलं. चष्म्याविना शाई दिसली नाही, की दिसूनही सोडून दिलं, ते कळलं नाही.

उद्या गुरुवार. दत्तजयंतीही. उद्या सांगते. देवासमोर सांगते म्हणजे मागं फिरता येणार नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

आरती झाली, तबक खाली ठेवलं, आणि सांगितलं. फडकं तुम्ही बांधलं होतं. मी सोडलं. धुवायला. रविवारी सकाळी, तुम्ही दाढीला गेल्यावर.

वाटलं आता ओरडतील. ओरडू देत, म्हणून मी वाटच बघत होते. ते म्हणाले, "उपास हाय तुझा आज. खोटं नगं बोलू."

मी म्हटलं, देवाची शपथ.

"दुधाच्या वक्ताला बी असंच बोललीस. मी सांगितलंतं तुला, मला सावरू नगंस."

दोरीवरचं फडकं आणून हातात दिलं. "असली चार हायेत घरात," म्हणाले. गाठ सांगितली, दोन वेढे नि टोक आत खोचलेलं. म्हणाले, "बेचाळीस वर्षं बघतीस, ठावं असणारच."

मग मी ही वही आणली. आजवर कुणाला दाखवलेली नाही. रविवारचं पान काढून बोट ठेवलं. चष्मा लावून वाचलं, बोट ओळीखालनं नेत. दोनदा वाचलं. मग म्हणाले, "ही वळ कडंला घुसडलीया. बाकीचं सरळ हाय. ही मागनं लिवलीस."

कडेला मी नेहमीच लिहिते. कागद वाया जाऊ नये म्हणून. सगळ्या पानांना कडेला लिहिलंय, बघा की, म्हटलं. पान उलटून दाखवायला लागले तर त्यांनी वही हळूच मिटली, माझ्या हातात दिली आणि माझ्या हातावरनं हात फिरवला. "तुला माझ्यासाठी वाईट वाटतंय, कळतंय मला. पर आता ऱ्हाऊ दे."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्रसाद दिला. त्यांनी घेतला, डोळ्यांना लावला.

५ डिसेंबर, शुक्रवार

भाऊजींना फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हणाले, "वहिनी, देवमाणूस हाईसा तुमी. पर दादाचं दुखणं अंगावर घिऊन काय उपेग? सांभाळून घ्या त्याला." म्हटलं, भाऊजी, खरं आहे हो हे. "व्हय व्हय," म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

हसीनाभाभीकडं गेले. शनिवारी संध्याकाळी ती साखर मागायला आली होती, शेडावरनंच. विचारलं, स्टिअरिंगला फडकं बघितलंस का? आठवायला खाली बसली बिचारी. "बघितलं न्हाई वहिनी. असंल बी. माझी नजर तिकडं नव्हती." म्हटलं, बघितलं असं सांगशील का ह्यांना? तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "न बघितलेलं कसं सांगू? तुमी तरी सांगितलं असतं का?"

बरोबर आहे तिचं. खरं सिद्ध करायला खोटं मागायला गेले होते मी.

ह्यांनी गॅस बंद केला का म्हणून दुपारपासून तीनदा विचारलं. बंद होता. तिन्ही वेळा जाऊन बघूनही आले. दळण आणायला जा म्हटलं तर म्हणाले, तूच जा, मी रस्ता चुकलो तर? चक्की आमच्याच गल्लीत आहे.

हे मी केलंय. विसरभोळेपणा देवानं थोडासा दिला होता. बाकी सगळा मी दिला.

६ डिसेंबर, शनिवार

मारुतीला गेले. तेल घेऊन गेले नाही. नुसतीच उभी राहिले.

परत आले तर हे शेडात पेटीजवळ बसलेले. झाकण उघडं. एक एक पाना उचलून, अंगठ्यानं पुसून, परत ठेवत होते. मला बघितलं आणि झाकण लावलं. म्हणाले, "वळखीत कुणाला तरी द्यावी म्हणतो. गंज चढायच्या आत." म्हटलं, बा. सा. चं पत्र येईपर्यंत थांबा. "पत्र अजून गेलं कुठं? शाई आणलीस का?"

कडेला (मुद्दाम): पेटी कुणाला दिलेली नाही. अजून.

७ डिसेंबर, रविवार

ह्यांचं पत्र लिहून दिलं. जसं सांगितलं तसंच, एक शब्द इकडं तिकडं केला नाही. "मी फडकं बांधायला विसरलो," माझ्याच अक्षरात. खाली त्यांनी सही केली. "झ्याक अक्षर हाय तुझं," म्हणाले.

ते देवळात गेल्यावर मी दुसरं लिहिलं. दोन कागद फुकट गेले, चुका फार. तिसरा ठेवला.

८ डिसेंबर, सोमवार

स्पीड पोस्टानं पाठवलं. पाकीट ह्यांनी माझ्याकडं उघडंच दिलं होतं, तू चिकटव म्हणून. दोन्ही पत्रं त्यातच घातली. ह्यांना सांगितलेलं नाही. माझ्याची नक्कल इथं उतरवून ठेवते.

"ती. बाईसाहेबांना फुलेवाडीहून सुमनचा नमस्कार.

सोबतचं पत्र ह्यांचं आहे, अक्षर तेवढं माझं. त्यातली एक ओळ खरी नाही. ह्यांना ती खरी वाटते, म्हणून मी ती जशीच्या तशी लिहिली.

फडकं त्यांनी बांधलं होतं. रविवारी सकाळी मी ते सोडून धुतलं. साहेबांच्या कारखान्याची पद्धत मला ठाऊक असताना सोडलं. दिराला किल्ली कुठं आहे ते मीच सांगितलं. आणि त्याच्या आदल्या दिवशी शनिवार म्हणून नवं तेल फाटकातनं आत येऊ दिलं नाही, तेही मी. तेव्हा इंजन मिस्त्रींच्या विसरण्यानं गेलेलं नाही. माझ्या हातानं गेलं. नुकसानीचं जे काही होईल ते आपल्या वहीत माझ्या नावावर लिहीन.

मी त्यांना देवासमोर सांगितलं. त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांना वाटतं मी त्यांना सावरतेय. पूर्वी एकदोनदा तसं सावरलं होतं, त्याची ही शिक्षा असावी. आता माझं कोणतंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आपला शब्द पोचतो. साहेब असल्यापासून पोचतो.

क्रँक आणि बेअरिंग उद्यमनगरात करून मिळेल. बसवायचं काम त्यांचंच आहे आणि त्यांना येतं. त्यांचा हात बिघडलेला नाही, बाईसाहेब. हातावरचा त्यांचा विश्वास गेलाय. पाने पुसतात आणि पेटी बंद करतात. चार-आठ दिवसांत ती पेटी कुणाला तरी देऊन टाकतील, मग उघडायला सांगूनही उपयोग नाही.

चौदाला फेरी होणार नाही. आपण या. चहा होईल.

माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही. मी लिहिलेलं खोटं वाटत असेल तर तसं लिहा, मी ते त्यांना वाचून दाखवीन. गाडी दुसरीकडं न्यायची असेल तर तेही लिहा, स्पष्ट. पण हे इंजन मिस्त्रींनीच जोडावं असं आपल्या मनात असेल, तर तेवढी एकच ओळ त्यांच्या नावानं, पाकिटावर त्यांचंच नाव घालून, आपल्या हातानं लिहावी. टपालवाला अकराला येतो. त्या वेळेला ते पायरीवरच बसलेले असतात.

उलट टपाली कळवावं, ही विनंती."